एकोणिसाव्या नंबरचे फडेप्पा

दहावीचा निकाल लागला की आपल्या फॅमिली ग्रुपवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो फिरतात. बाकीच्यांचं नाव कुणी काढत नाही. आम्हीही त्यातलेच. मागच्या गुरुवारी सत्संगानंतर एक मावशी म्हणाल्या, "नातू पुढं शिकणार नाही म्हणतोय. मार्क कमी पडले म्हणून. काय सांगू त्याला?" तेव्हा आम्हाला आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले आठवले.

पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिली. पळण्याचं शिक्षण असं काही नव्हतंच त्यांना. तरी वेग बघून, ह्यांना ऑलिंपिकला धाडायचं, असं टाटांच्या मनानं घेतलं. खर्चाला पदरचे पैसेही घातले. १९२० साली चार धावपटू आणि दोन पैलवान बेल्जियममधल्या अँटवर्पला गेले. हिंदुस्थानचा हा पहिला ऑलिंपिक संघ, आणि त्यात आपले फडेप्पा.

२२ ऑगस्टला मॅरेथॉन झाली. त्या वर्षी अंतर नेहमीपेक्षा जादा होतं, पावणेत्रेचाळीस किलोमीटर. निपाणीहून कोल्हापूरपर्यंत पळत जायचं म्हणा की! फिनलंडचे कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटांत पहिले आले. फडेप्पा पोचले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांनी. नंबर १९ वा.

जरा हिशेब करून बघा. एका किलोमीटरला चार मिनिटं, आणि तेही जवळजवळ तीन तास. पटत नसेल त्यानं उद्या सकाळी एकच किलोमीटर तेवढ्यात पळून दाखवावं. (आम्ही करून बघितलेलं नाही, वय झालं!) याच सरासरीनं धरलं तर पहिला गडी पोचला तेव्हा फडेप्पांचे साडेचार किलोमीटर बाकी होते. पदकं तर पुढच्यांनी नेलीच. फडेप्पा मात्र वाटेत थांबले नाहीत.

जपाला बसल्यावर मन भरकटलं तरी माळ अर्ध्यावर खाली ठेवू नका, असं सद्गुरू आपल्याला सांगतात. आम्ही कितीदा ठेवलीय, आमचं आम्हाला ठाऊक.

मावशींच्या नातवाला ही गोष्ट सांगितली. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे ते जिंकले की हरले?" आम्हाला पटकन उत्तर देता आलं नाही. येत्या गुरुवारी घरच्या वाचनात हाच प्रश्न आपापल्या मुलांना विचारा. ती काय म्हणतात ते ग्रुपवर जरूर कळवा.

॥ जय सद्गुरू ॥