बँकेच्या नावाने येणारा ई-मेल : ओळखावा कसा, आल्यावर करावे काय?

सप्टेंबर २००७ मधील प्रकरण आहे. अबुधाबीत नोकरी करणाऱ्या एका भारतीय गृहस्थांना त्यांच्या बँकेच्या नावाने ई-मेल आला. पाठवणाऱ्याच्या जागी बँकेच्या ग्राहक सेवा विभागाचा पत्ता दिसत होता. इंटरनेट बँकिंगचे युझर नेम आणि पासवर्ड कळवावेत, अन्यथा खाते बंद होईल, अशा आशयाचा मजकूर होता. त्यांनी माहिती कळवली. पुढे त्यांच्या खात्यातून ६ लाख ४६ हजार रुपये मुंबईतील एका कंपनीच्या खात्यात गेले आणि त्यातील मोठी रक्कम त्या कंपनीने चेकने काढून नेली.

बँकेने चूक ग्राहकाची ठरवली. प्रकरण माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तामिळनाडूच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे गेले. एप्रिल २०१० मध्ये त्यांनी बँकेने पुरेशी दक्षता घेतली नाही, असे ठरवून नुकसान, प्रवासखर्च वगैरे धरून १२ लाख ८५ हजार रुपये देण्याचा आदेश दिला. बँक अपिलात गेली आणि प्रकरण पुढे अनेक वर्षे रेंगाळले. निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला खरा, पण परदेशात नोकरी करून येथे दावा लढवणे प्रत्येकाला परवडणारे नाही. रत्नागिरी-रायगडकडील ज्या घरांचा खर्च आखाती देशांतून येणाऱ्या पैशांवर चालतो, त्यांनी हे प्रकरण विशेष लक्षात ठेवावे.

२००७ साली पासवर्ड हाती लागला की काम भागत होते. आता ओटीपी लागतो, म्हणून खोटे पान ओटीपीही मागते. बाकी घडण जुनीच आहे. आधी भीती घालायची (केवायसी अपुरी आहे, पॅन जोडलेले नाही, खाते आज रात्री बारा वाजता बंद होईल) किंवा लालूच दाखवायची (कराचा परतावा मंजूर झाला आहे). मग विचार करायला वेळ न देता एका निळ्या ओळीवर बोट ठेवायला लावायचे. घाई हाच या धंद्याचा मूळ माल होय.

पूर्वी असे ई-मेल भाषेच्या चुकांवरून ओळखा, असे सांगितले जाई. त्या सल्ल्यावर आता विसंबू नये. संगणकच शुद्ध इंग्रजी आणि बऱ्यापैकी मराठी लिहू लागला आहे. बोधचिन्ह, रंग, तळाची बारीक अक्षरातील सूचना, सर्व काही बँकेच्या खऱ्या पत्रावरून जसेच्या तसे उचलता येते. पाठवणाऱ्याचे नाव तर कोणालाही हवे ते घालता येते. पत्त्याचीही नक्कल होते. सबब ई-मेलच्या रूपावरून तो खरा ठरवता येत नाही.

निळ्या ओळीमागचा पत्ता मात्र वाचायला शिकले पाहिजे. संगणकावर त्या ओळीवर माऊसचा बाण नुसता नेला, दाबला नाही, तरी पत्ता दिसतो. तो शेवटाकडून वाचावा. टपालाच्या पत्त्यात मोमीनपुरा लिहिलेले असले तरी तो मुंबईचा की नागपूरचा, हे शेवटचा शब्द ठरवतो. येथेही तसेच आहे. पत्त्याच्या आरंभी बँकेचे नाव असेल आणि पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी 'खातेतपासणी डॉट कॉम' असे काही असेल, तर घर दुसऱ्याचेच आहे.

या कामी रिझर्व्ह बँकेने एक चांगली सोय केली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने भारतीय बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा स्वतंत्र शेवट जाहीर केला आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्याकडे स्थलांतर करण्यास सांगितले. नागरी सहकारी बँकांनाही हा आदेश लागू होता. हा शेवट केवळ बँकांनाच मिळतो. मात्र मध्ये टिंब आहे की आडवी रेघ, आणि 'इन' नंतर आणखी काही जोडले आहे काय, हे नीट पाहावे. पतसंस्था कायद्याने बँक नव्हे. तिच्या पत्त्यात हा शेवट शोधू नये.

व्यापारी बंधूंना आणखी एका प्रकाराचा धोका असतो. 'पेमेंट जमा झाले, तपशील सोबत जोडला आहे' किंवा 'आपल्या चालू खात्याचे स्टेटमेंट' अशा नावाची फाइल येते. ती उघडताच बँकेच्या पानासारखे पान दिसते आणि पासवर्ड मागते, किंवा संगणकात नको ती आज्ञावली शिरते. भिवंडी-मालेगावच्या अनेक पेढ्यांवर ई-मेलचा पत्ता एक, पण तो पाहणारे चार: मालक, मुलगा, हिशेबनीस आणि कधी कर सल्लागाराचा कारकून. चौघांपैकी एकाने घाई केली तरी तिजोरी उघडी पडते. बँकेचा ई-मेल कोणी उघडायचा हे ठरलेले असावे आणि इंटरनेट बँकिंगचा पासवर्ड त्या चौघांत फिरू नये. कुटुंबाचा धंदा आहे, मुलापासून काय लपवायचे, असे अनेकजण म्हणतात. प्रश्न लपवण्याचा नाही. भागीदारांचा पैसा खात्यात असतो, तो अमानत आहे.

ई-मेल आल्यावर करायचे काय? त्याला उत्तर देऊ नये, त्यातील क्रमांकावर फोन करू नये, त्यातील ओळ दाबू नये. पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करावा, अथवा शाखेत जाऊन विचारावे. इंटरनेटवर बँकेचा क्रमांक शोधण्यातही धोका आहे. तेथे ठकांनी आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमध्ये अविश्वसनीय माणसाने आणलेल्या बातमीची आधी शहानिशा करण्याची ताकीद आहे. आपण ती मोहल्ल्यातील अफवांच्या बाबतीत सांगतो. ई-मेलच्या बाबतीतही ती तितकीच लागू आहे.

माहिती देऊन बसल्यास मात्र शरमेने गप्प राहू नये. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने याबाबतची जबाबदारी वाटून दिली. ग्राहकाने स्वतः पासवर्ड वा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. ग्राहकाचीही चूक नाही आणि बँकेचीही नाही, अशा प्रकारात बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास ग्राहकावर काहीही भार नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास ठराविक मर्यादेपर्यंत भार येतो. म्हणजे घरात कळले तर काय म्हणतील या विचारात घालवलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो.

प्रथम बँकेला फोन करून खाते व कार्ड बंद करवावे आणि तक्रारीचा क्रमांक व वेळ लिहून ठेवावी. लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे किंवा 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. या व्यवस्थेतून पैसा ज्या खात्यात गेला त्या बँकेला कळवले जाते आणि रक्कम काढली गेली नसेल तर ती अडवता येते. पासवर्ड दुसऱ्या सुरक्षित फोनवरून बदलावेत. बँकेचा तर बदलावाच, ई-मेलचाही बदलावा. तो खोटा ई-मेल पुसून टाकू नये, तो पुरावा आहे. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. परदेशात असणाऱ्यांनी आपल्या बँकेचा तेथून लागणारा क्रमांक आजच लिहून घ्यावा आणि गावी घरच्यांनाही देऊन ठेवावा.

आता एका अप्रिय गोष्टीकडे वळू. अबुधाबीच्या त्या गृहस्थांचा पैसा हवेत गेला नव्हता. तो मुंबईतील एका कंपनीच्या रीतसर खात्यात गेला होता. अशा खात्यांशिवाय ही फसवणूक चालूच शकत नाही. आज ती खाती भाड्याने घेतली जातात. 'तुझ्या खात्यात पैसे येतील, काढून दे, काही टक्के तुझे,' असे सांगून विद्यार्थ्यांना आणि छोट्या दुकानदारांना गाठले जाते. एटीएम कार्ड व सिमकार्ड दिले की झाले, असे त्यांना वाटते. तपास सुरू झाला की पहिले नाव त्यांचेच निघते आणि खाते गोठते. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवण्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आपण फक्त खाते दिले, असे सांगणाऱ्यालाही पोलीस ठाण्याच्या आणि न्यायालयाच्या फेऱ्या चुकत नाहीत. मिळणारे कमिशन हे कुणाच्या तरी लुटलेल्या कमाईचा वाटा आहे, ते हलाल कसे ठरेल? ज्यांच्या मुलांनी नुकतेच खाते उघडले आहे, त्यांनी पासबुकातील नोंदी महिन्यातून एकदा मुलासोबत बसून पाहाव्यात आणि अनोळखी रक्कम जमा दिसल्यास ती न काढता शाखेला लेखी कळवावे. त्या पत्राची पोच घेऊन ठेवावी.