हार्ड डिस्कवर गेम का अडखळतो? सलग वाचन आणि विखुरलेले वाचन

स्टोरेजचा धडा आला की वर्गात कोणीतरी हमखास विचारतं, "सर, माझ्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला १५० एमबी आहे, मग गेम उघडायला एवढा वेळ का?" प्रश्न अगदी रास्त आहे. तो वेग सलग वाचनाचा असतो, म्हणजे एकामागून एक ठेवलेला डेटा वाचण्याचा. गेमला मात्र बऱ्याचदा इथला थोडा, तिथला थोडा असा डेटा लागतो.

आता गणित करू. साध्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला झाले ८.३ मिलिसेकंद. हवा तो भाग हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य वर्तुळावर सरकायला साधारण ८ मिलिसेकंद धरा. बेरीज १२ च्या वर गेली. म्हणजे विखुरलेले तुकडे सेकंदाला जेमतेम ८० वाचून होतात. एक तुकडा ६४ केबीचा असेल तर हाती येतात फक्त ५ एमबी! कुठे १५० आणि कुठे ५. (मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कसाठी हेच गणित वहीत करून बघा.)

गठ्ठ्यातल्या उत्तरपत्रिका ओळीने तपासणं आणि एकेक पत्रिका वेगळ्या कपाटातून काढून आणणं, यात जो फरक तोच हा. तपासायला वेळ कमी, चालण्यातच जास्त.

गेममध्ये तुम्ही एखाद्या शहरात धावत असता, तेव्हा पुढच्या गल्लीतल्या भिंती, झाडं, आवाज आयत्या वेळी डिस्कवरून यावे लागतात. उशीर झाला की चित्र क्षणभर थांबतं किंवा भिंत पुसट दिसते. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे असा तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात सापडतो. पण एक गैरसमज काढून टाका: एसएसडी लावल्याने फ्रेम रेट सहसा वाढत नाही. ते काम ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरचं. एसएसडीने लोडिंगचा वेळ आणि मधले झटके कमी होतात.

हेडची धावपळ वाचवायला गेम बनवणाऱ्यांनी एक युक्ती काढली. एकच वस्तू दहा ठिकाणी लागत असेल तर तिच्या दहा प्रती, ज्या त्या भागाच्या शेजारी ठेवायच्या. मग वाचन सलग होतं. प्लेस्टेशन ५ चे रचनाकार मार्क सर्नी यांनी २०२० च्या भाषणात सांगितलं होतं की 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन'मधला काही डेटा डिस्कवर ४०० वेळा ठेवलेला होता. वेग मिळवायचा तर जागा द्यायची, असा हा सौदा.

'हेलडायव्हर्स २'मध्ये हा सौदा अंगावर आला. संगणकावर हा गेम सुमारे १५० जीबी जागा खात होता. हार्ड डिस्कवाल्यांचं लोडिंग फार लांबेल या भीतीने प्रती ठेवलेल्या होत्या. २०२५ च्या अखेरीस कंपनीने प्रत्यक्ष मोजमाप केलं, तेव्हा कळलं की लोडिंगचा बराचसा वेळ नकाशा तयार करण्यात जातो, आणि ते काम प्रोसेसर करत असतो. डिस्कवरचं वाचन त्याच वेळी बाजूला चालूच असतं. प्रती काढल्या, गेम सुमारे २३ जीबीवर आला, आणि हार्ड डिस्कवर लोडिंग काही सेकंदच वाढलं. लोकांच्या डिस्कवरची सुमारे १३० जीबी जादा जागा अडून राहिली ती या अंदाजापायी!

घरी जुना संगणक असेल आणि पैसे मोजकेच असतील, तर साधी साटा एसएसडीसुद्धा पुरते. तिच्याहून कितीतरी वेगवान एनव्हीएमई घेतली तरी बहुतेक गेममध्ये फरक थोडाच जाणवतो, कारण तिथून पुढे डेटा उलगडणारा प्रोसेसर मागे पडतो. एसएसडी लहान असेल तर तिच्यावर विंडोज आणि मोठ्या नकाशाचे गेम ठेवा. चित्रपट आणि फोटो खुशाल हार्ड डिस्कवर राहू द्या. ते सलगच वाचले जातात.