वाटाण्याचा शेजार

वाटाण्याजवळ दुसरी भाजी लाविली असतां ती आयतें खत मिळून जोमानें वाढते, असें पुष्कळ ठिकाणीं सांगण्यांत येतें. तें ऐकून कोणी कोबीच्या ओळींमध्यें वाटाणा पेरितो, कोबीला खत देण्याचें थांबवितो, आणि कोबी पिवळा पडला म्हणजे वाटाण्यास दोष देतो. ज्याचा मळा दोन-चार गुंठ्यांचाच आहे, त्याला अशा समजुतीची किंमत घरच्या अन्नांतून द्यावी लागते. म्हणून यांत खरें किती, हें आम्ही आजच्या धड्यांत सांगत आहों.

मुळांवरील गांठी. वाटाण्याचें एक रोप खुरप्यानें मातीसकट काढून मुळें हलक्या हातानें धुवावीं. बारीक मुळांवर लहान लहान गांठी दिसतील. हा रोग नव्हे. त्यांत सूक्ष्म जंतू राहतात. हवेच्या शंभर भागांत सुमारें ७८ भाग नत्र असतें, परंतु झाडांस तें हवेंतून घेतां येत नाहीं. हे जंतू तें घेऊन झाडास देतात, आणि झाड त्यांस आपल्या पानांत तयार झालेली साखर पुरवितें. ही गोष्ट जर्मनींतील हेलरीगेल यांनीं १८८६ सालीं बर्लिन येथें जाहीर केली. पुढें १८८८ सालीं हॉलंडमधील बायेरिंक यांनीं ते जंतू वेगळे करून दाखविले. गांठ नखानें फोडली असतां आंत गुलाबी दिसली, तर काम चालू आहे असें समजावें.

शेजाऱ्यास काय मिळतें? वाटाणा हिरवा उभा आहे तोंवर हें नत्र तो बहुतेक स्वतःच वापरतो. त्याचा मोठा भाग दाण्यांत उतरतो आणि शेंगांबरोबर मळ्याबाहेर जातो. शेजारच्या झाडास त्या वेळीं फारच थोडें मिळतें. मुळें व पाला जमिनींत कुजतात तेव्हां उरलेलें नत्र मोकळें होतें. म्हणजे खरा लाभ शेजाऱ्यास नव्हे, तर मागून येणाऱ्या पिकास होतो.

मग शेजार कशासाठीं? जागेसाठीं. आपल्याकडे ज्वारींत तूर पेरितात. ज्वारी निघाल्यावर तूर पसरते, व दोघांची ओढाताण कमी होते. वाटाणा व मुळा यांचेंही तसेंच आहे. मुळा सुमारें दीड महिन्यांत निघतो, आणि मोकळी झालेली जागा वाटाण्यास मिळते. गाजर व पालक हेही बुटके असल्यामुळें वाटाण्याचें ऊन अडवीत नाहींत.

ध्यानांत ठेवण्याच्या गोष्टी.

१. वाटाण्यास थंडी मानवते. मैदानी भागांत तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्यें पेरावा.

२. शेजारच्या भाजीस तिचें खत वेगळें द्यावें. वाटाण्यास मात्र युरिया फार देऊं नये. आयतें नत्र मिळालें कीं गांठी कमी धरतात.

३. त्याच वाफ्यांत दर वर्षीं वाटाणा घेऊं नये. मर रोगाची बुरशी मातींत टिकून राहते.

४. शेवटची तोडणी झाल्यावर वेल उपटूं नयेत. ते जमिनीलगत कापावे व मुळें आंतच ठेवावीं. निरोगी पाला मातींत गाडावा; गुरांस घातला तर त्यांचें शेण कुजवून मळ्यांत परत आणावें. त्या वाफ्यांत पुढें वांगीं किंवा पालेभाजी घ्यावी.

या चौथ्या गोष्टीकडे आम्ही विशेष लक्ष वेधितों. वेल मुळासकट उपटून बांधावर टाकणारा मनुष्य घरांत आलेलें खत बाहेर टाकितो, आणि मग तेंच विकत आणावयास बाजारांत जातो.

प्रश्न. १. मुळांवरील गांठी काम करीत आहेत हें कसें ओळखावें? २. वाटाण्याच्या नत्राचा लाभ अधिक कोणास होतो, शेजारच्या पिकास कीं मागच्या पिकास? कां? ३. आपल्या मळ्यांत गेल्या वर्षीं वाटाण्याच्या मुळांचें काय झालें?