तीन मोठे कीं बारा?

लिहितां-वाचतां येत नाहीं, हें सांगावयास मनुष्य लाजतो. परंतु ‘गणितांत आमचें डोकें चालत नाहीं’ असें चांगले शिकलेले गृहस्थहि हंसत हंसत सांगतात! या अंक-निरक्षरतेचे परिणाम मात्र हंसण्याजोगे नाहींत.

अंक वाचतां किंवा पाढे म्हणतां न येणें हा तिचा एक प्रकार. ‘पंचवीस’ म्हणतांना पांच आधीं येतात, लिहितांना दोन. म्हणून लहान मुलें ५२ लिहून बसतात. २०१९ सालीं बालभारतीनें दुसरीच्या पुस्तकांत ‘वीस पांच’ अशीहि रीत दिली, तेव्हां केवढा गदारोळ उठला! तो दोष सरावानें बहुधा जातो. दुसरा प्रकार अधिक घातक. त्यांत गुणाकार बिनचूक येतो. पण समोरचा अंक कशाचा व किती मुदतीचा, हा प्रश्नच मनांत उठत नाहीं.

समजा, पेरणीसाठीं एका कुटुंबास १०,००० रुपये हवे आहेत. बँक शेकडा १२ व्याज मागते, गांवचा सावकार शेकडा ३. तीन बारांहून लहान, म्हणून सावकाराच्या कागदावर सही होते. परंतु बारा सालाचे आणि तीन महिन्याचे! वर्षाअखेर बँकेचें व्याज १,२०० झालें असतें. येथें सरळ व्याजानेंच ३,६०० झालें. थकलेलें व्याज दरमहा मुदलांत मिळविण्याची अट असेल, तर तें सुमारें ४,२५८ होतें. तीन बारे छत्तीस घरांतील लहान मुलासहि येत होते. ‘साल कीं महिना?’ हें मात्र कोणीं विचारलें नाहीं.

दुकानांतील सूट अशीच. १०० रुपयांच्या वस्तूची किंमत १२० करून तीवर शेकडा २० सूट दिली, कीं ती ९६ रुपयांस पडते. वांचतात चार, ग्राहक चोवीस वांचले म्हणून आनंदानें घरीं येतो.

लक्ष आणि कोटि हे शब्द तर आपण एकाच दमांत उच्चारतों. एक लक्ष सेकंद म्हणजे सुमारें २८ तास, आणि एक कोटि सेकंद म्हणजे जवळजवळ ११६ दिवस. शंभर कोटि सेकंदांस साडेएकतीस वर्षांहून अधिक काळ लागतो.

विद्यार्थ्यांनीं सुटींत वडील मंडळींसह एक हिशेब करावा. वरील सावकाराचें व्याज मुळींच न फेडतां मुदलांत मिळत राहिलें, तर १०,००० चे २०,००० कितव्या महिन्यांत होतील? उत्तर चोविसाव्या महिन्यांत येईल. परंतु आधीं प्रत्येकानें आपला अंदाज कागदावर लिहून ठेवावा.