बंदूक, कायदा आणि हेतू

कॅडेट मित्रांनो, जानेवारीत आपली तुकडी दिल्लीला गेली होती, तेव्हा मुक्काम कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात होता. राष्ट्रीय समर स्मारक पाहून आपण जेवायला बसलो आणि टीव्हीवर अमेरिकेतल्या गोळीबाराची बातमी लागली. लगेच दोन गट पडले. एक म्हणे, ‘तिकडे बंदुका दुकानात मिळतात म्हणून हे होतं.’ दुसरा म्हणे, ‘बंदूक काय करणार, माणूसच वेडा.’ वरण-भात निवत होता, म्हणून तेव्हा मी वाद थांबवला. आज तो पुढे नेऊ.

आधी आपला कायदा पाहू. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्र कायदा केला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनांना सूट, असा तो होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. परवान्यासाठी २१ वर्षे वय लागते, पोलिसांची चौकशी होते आणि मनाने अस्थिर माणसाला परवाना नाकारता येतो. स्वयंचलित शस्त्र सामान्य नागरिकाला मिळतच नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मुभा राहिली, आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे पहिल्या गटाचे म्हणणे मान्य केले, तर आपण बऱ्यापैकी सुरक्षित आहोत.

पण याच कायद्याचे ४५ वे कलम वाचा. सरकारी नोकर कर्तव्यावर असताना शस्त्र बाळगतो, त्याला हा कायदा लागू नाही. तो लागू करताही येणार नाही, नाहीतर प्रत्येक जवानाला परवाना काढावा लागेल. गणवेशातल्या माणसाच्या हातातली रायफल परवान्यावर चालत नाही, ती शिस्तीवर चालते.

३१ जुलै २०२३ ची पहाट आठवा. जयपूर-मुंबई सेंट्रल एक्स्प्रेस पालघरच्या आसपास असताना रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने सरकारी रायफलीतून आपल्या वरिष्ठ सहायक उपनिरीक्षकाला आणि तीन प्रवाशांना ठार केले, असा त्याच्यावर आरोप आहे. सोबतच्या सहकाऱ्याने पोलिसांना दिलेला जबाब तेव्हा वर्तमानपत्रांत आला होता. त्यानुसार या शिपायाने बरे वाटत नसल्याचे सांगितले होते, त्याला वलसाडला उतरायचे होते. ड्यूटीचे दोन-तीन तास उरले होते, ते पूर्ण कर, असे त्याला सांगण्यात आले. पुढे त्याने सहकाऱ्याशी झटापट करून रायफल हिसकावली, ती चुकून सहकाऱ्याची निघाली, आणि अदलाबदल होऊन त्याची स्वतःची रायफल परत त्याच्याच हातात गेली.

वरिष्ठांना दोष देणे सोपे आहे, आणि ते स्वतःच त्यात गेले. मी तो देणार नाही. चालत्या गाडीत, रात्रीच्या वेळी, चार माणसांच्या तुकडीत शस्त्र कुठे जमा करणार? तिथे कोत नाही, कोत एनसीओ नाही. तरीही झटापट झाल्यानंतर ती रायफल त्याच्या हाती जायला नको होती, एवढे मला स्पष्ट दिसते.

मग हेतू काय होता? रेल्वेच्या एका निवेदनात आरोपीच्या मानसिक आजाराचा उल्लेख आला, आणि ते निवेदन लगेच मागेही घेतले गेले. मारले गेलेले तिन्ही प्रवासी मुसलमान होते. घटनेनंतर फिरलेल्या चित्रफितीवरून अनेकांनी याला धर्मद्वेषाचा गुन्हा म्हटले, आणि पुढे खुनासोबत धर्माच्या आधारे वैर पसरवण्याचे कलमही लागले. कायद्याच्या भाषेत वेडेपणा म्हणजे औषध चालू असणे नव्हे. आपण काय करतो आहोत, किंवा ते चूक आहे, हेच त्या क्षणी कळत नसले पाहिजे, आणि ते सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. त्यामुळे ‘माणूसच वेडा’ हे जेवणाच्या टेबलावर म्हणता येते, न्यायालयात ते पुराव्याने उभे करावे लागते.

हेतूला काय नाव दिले याने काय फरक पडतो, असे एकाने विचारले होते. ५ नोव्हेंबर २००९ रोजी अमेरिकेतल्या फोर्ट हूड छावणीत एका लष्करी मानसोपचारतज्ज्ञ मेजरने गोळीबार करून १३ जणांना मारले. पिस्तूल सरकारी नव्हते, त्याने दुकानातून विकत घेतले होते. म्हणजे इथे पहिल्या गटाचेही बरोबर. हा दहशतवाद की कामाच्या जागेवरचा हिंसाचार, यावर तिथे कित्येक वर्षे वाद चालला. शत्रूच्या हल्ल्यात जखमी झालेल्यांना मिळणारे ‘पर्पल हार्ट’ पदक या जखमी सैनिकांना नाकारले गेले. नियम बदलावा लागला, तेव्हा कुठे २०१५ साली ते त्यांना मिळाले.

पालकांनाही एक सांगतो. मुलगा सुटीत घरी येऊन म्हणाला, ‘माझा रूममेट चार दिवस झोपत नाही,’ तर त्याला चहाडी समजू नका. हाउसमास्तरांना फोन करा.

आता तुमच्यासाठी काम. पुढच्या फायरिंगच्या दिवशी पॉइंट बावीस रायफल घेताना कोतच्या रजिस्टरवर सही कराल, तेव्हा आधीचे पान उलटून पाहा: शस्त्र कोणी दिले, कोणी घेतले, किती वाजता, किती राउंड, किती खोके परत. यातला कोणता रकाना त्या गाडीत भरता आला नसता आणि त्याऐवजी काय करता आले असते, हे अर्ध्या पानात लिहून आणा.