कागिणा : एक नदी, दोन राज्ये

नदीचा अभ्यास करताना नकाशावरील सीमारेषेपाशी थांबून चालत नाही. आमच्या गुलबर्गा, म्हणजे आताच्या कलबुर्गी, जिल्ह्यातील कागिणा नदीच पाहू. तेलंगणातील अनंतगिरीच्या डोंगरांत ती उगम पावते, तांडूरच्या बाजूने कर्नाटकात येते, राष्ट्रकूटांची राजधानी असलेल्या मळखेडवरून वाहते आणि शहाबादच्या परिसरात भीमेस मिळते. त्याच अनंतगिरीतून मुसी नदी पूर्वेस हैदराबादकडे जाते. तथापि दोघींचे पाणी अखेर कृष्णेतच एकत्र येते.

घरोघरी दिसणारी शहाबादी फरशी व तांडूरची फरशी एकाच चुनखडीच्या पट्ट्यातील होय. हा सारा प्रदेश पूर्वी हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि कागिणेच्या वाटेत सीमा आली. खडक, उतार व पाऊस मात्र पूर्वीचेच राहिले. वरच्या अंगास अडविलेले पाणी खालच्या शेतांस उणे पडते आणि तेथे टाकलेला मळ येथवर वाहत येतो. म्हणून कागिणेच्या पाण्याचा हिशेब उगमापासून संगमापर्यंत एकत्रच मांडावयास हवा, असे आम्हांस वाटते.