मिरचीचं पान आणि एमपी-फोर

धावडा हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं गाव. हा तालुका मिरचीचा, पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीबाजारही इथलाच. रोपाला काही झालं की शेतकरी आता आधी मोबाइल बाहेर काढतो. मिरची लावणारे मामा आणि संभाजीनगरात व्हिडिओ एडिटिंग करणारी त्यांची भाची यांचं बोलणं अशाच एका क्लिपवरून सुरू झालं.

मामा : बोकड्या आलाय मिरचीवर, पानं वळलीत. पानाचा व्हिडिओ सल्ला देणाऱ्या साहेबांना पाठवला, तर ते म्हणतात काहीच नीट दिसत नाही. माझ्या मोबाइलवर तर लख्ख दिसतंय!

भाची : तुम्ही पाहताय तो व्हिडिओ त्यांना मिळालेलाच नाही, मामा. व्हॉट्सअ‍ॅप पाठवताना व्हिडिओ दाबून लहान करतं. रेंज कमी असली तरी क्लिप पोचावी म्हणून. बोकड्या आणणारा फुलकिडा असतो जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. दाबताना सगळ्यात आधी तोच जातो.

मामा : दाबतं म्हणजे नेमकं करतं काय?

भाची : व्हिडिओ म्हणजे सेकंदाला तीसेक चित्रं. फुल एचडीचं प्रत्येक चित्र जसंच्या तसं साठवलं तर एका सेकंदालाच सुमारे १८६ एमबी लागतील. म्हणून एक चित्र पूर्ण ठेवायचं आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढं लिहायचं. माती जागची हलली नाही, तर ती परत लिहायची नाही. पान थोडं सरकलं, तर ‘इथून तिथे सरकलं’ एवढीच नोंद. शिवाय आपल्या डोळ्याला उजेड-सावली बारीक कळते, रंग तितका बारीक कळत नाही. म्हणून रंगाचे ठिपके पाव हिश्श्यावर आणतात. हे सगळं करण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात.

मामा : पण त्या दिवशी वारं होतं. सगळीच पानं हलत होती.

भाची : मग वाचवायला उरलं काय? प्रत्येक चित्रात सगळंच बदललेलं. ठरलेल्या एमबीत बसवायचं म्हणून बारकावा पुसला जातो आणि पानावर चौकोन-चौकोन दिसतात. फॉरमॅटचं नंतर बघू, आधी पान हातात धरा आणि मोबाइल कशाला तरी टेकवा. निम्मं काम तिथेच होतं.

मामा : आणि फॉरमॅट? दुकानवाला म्हणाला, एमपी-फोर असलं की कुठेही चालतं. पण पोराने आयफोनवरून पाठवलेली क्लिप माझ्या जुन्या मोबाइलवर लावली, तर नुसता आवाज. चित्र काळं.

भाची : एमपी-फोर ही गोणी आहे. बाहेरून सगळ्या गोण्या सारख्या, आत माल कोणता ते उघडल्याशिवाय कळत नाही. आत चित्र एका कोडेकचं असतं, आवाज दुसऱ्याचा, बहुतेक वेळा एएसीचा. चित्रासाठी सगळीकडे चालणारा कोडेक एच.२६४. तो २००३ सालचा, त्यामुळे साध्या मोबाइललाही कळतो. २०१३ मध्ये एच.२६५ आला. तेवढ्याच स्पष्टतेला जवळजवळ निम्मी जागा, पण जुन्या मोबाइलला तो उलगडता येत नाही. २०१७ पासूनचे आयफोन आपणहून एच.२६५ मध्येच शूट करतात. आवाज येतो पण चित्र नाही, म्हणजे बहुधा हाच प्रकार.

मामा : फाइलचं नाव बदलून बघू का? एमओव्ही लिहिलंय, तिथे एमपी-फोर करतो.

भाची : नावाने आतलं काही बदलत नाही. तसंही एमओव्ही आणि एमपी-फोर जवळचे नातलग. अ‍ॅपलच्या क्विकटाइमवरूनच एमपी-फोर तयार झालं. खरा बदल कन्व्हर्ट केल्यावर होतो. संगणकावर हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एच.२६४ निवडायचं. त्यापेक्षा सोपं म्हणजे पोराला सांगा, आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करून ठेव.

मामा : इतके प्रकार कशाला काढले असतील?

भाची : पैशामुळे. एच.२६५ ची पेटंटं बऱ्याच जणांकडे, आणि कुणाला किती द्यायचं याचा गुंता. म्हणून गूगल, अ‍ॅमेझॉन, नेटफ्लिक्स, मोझिला वगैरे २०१५ मध्ये एकत्र आले आणि २०१८ मध्ये त्यांनी एव्ही-वन हा विनाशुल्क कोडेक आणला. मला हे फार मोलाचं वाटतं. व्हिडिओ दाखवायला कुणाची परवानगी लागू नये. पण तुम्ही त्यात पडू नका. यूट्यूबवर एच.२६४ चढवलं की पुढची रूपं ते स्वतःच बनवतात.

मामा : मग साहेबांना नीट कसं पोचवू?

भाची : व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘डॉक्युमेंट’ निवडून पाठवा. फाइल जशी आहे तशी जाते, दोन जीबीपर्यंत. मात्र जशी आहे तशी जाते म्हणूनच आत एच.२६४ हवं, नाहीतर त्यांच्याकडेही काळं चित्र. आणि लांबी आवरा. फुल एचडीला सेकंदाला आठ मेगाबिट धरले, तर भागिले आठ, म्हणजे सेकंदाला एक एमबी. वीस सेकंदांची क्लिप वीस एमबी. पाच मिनिटं शेत फिरून दाखवलं तर तीनशे, आणि ते डाउनलोड करायला त्यांचाही डेटा जातो.

मामा : भाऊबंदांच्या ग्रुपवरून परत माझ्याकडे आलेली तीच क्लिप पुढे ढकलू का?

भाची : नको. ती आधीच दाबलेली आहे. गॅलरीतली मूळ क्लिप घ्या, आणि साहेबांचं उत्तर येईपर्यंत पुसू नका.

मामा : वीस सेकंदांत दाखवू काय?

भाची : आधी शेंड्याचं पान बाजूने. कडा वर वळल्यात की खाली, ते कळू द्या. फुलकिड्यांनी वर वळतात, कोळी किडीने खाली, आणि औषध त्यावर ठरतं. मग पान उलटून खालची बाजू, तीही हात न हलवता. सोबत एक फोटो काढा. फुल एचडी व्हिडिओच्या एका चित्रात वीस लाख ठिपके असतात, बारा मेगापिक्सेलच्या फोटोत एक कोटी वीस लाख.

मामा : मग फोटोच पाठवतो की!

भाची : फोटोत किडा चालताना दिसत नाही, मामा. दोन्ही पाठवा, आणि दोन्ही डॉक्युमेंटमधून.